सदातुर : कंपनीतील नोकरीचे आरोग्यविषयक गुणदोष

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याने आपल्या रुग्णपत्रिका चाळल्या तर 'व्यवसाय' या रकान्यात एकच शब्द वारंवार लिहिलेला दिसेल : 'कंपनी'. रुग्ण भोसरीच्या लघुउद्योगात लेथ चालवणारा असो, चाकणच्या वाहन कारखान्यात जोडणी विभागात असो, की हिंजवडी अथवा तळवडे येथील कार्यालयात संगणकासमोर बसणारा असो. तो 'कंपनीत आहे' एवढेच सांगतो. आपणही तेवढेच लिहून घेतो आणि नाडीपरीक्षेकडे वळतो. वास्तविक त्या एका शब्दाआड निदानपंचकातील 'हेतू'चा फार मोठा भाग दडलेला असतो. तो कसा शोधावा, नोकरीतील हितकर भाग कोणता व अहितकर कोणता, आणि रुग्णाची नोकरी सांभाळून चिकित्सा कशी योजावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या भागाची जडणघडण थोडक्यात आठवणे उपयुक्त ठरेल. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथील शेतजमिनींवर कारखान्यांच्या शेड्स उभ्या राहू लागल्या. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्रा यांचे प्रकल्प सुरू झाले आणि चाकण हे कांद्याच्या बाजाराइतकेच मोटारींसाठी ओळखले जाऊ लागले. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण येथून आलेला तरुण येथे नोकरदार झाला आणि त्याचबरोबर आपला रुग्णही झाला.

शास्त्राधार

नोकरीपेशा माणसाच्या आजाराचा विचार आपल्या शास्त्रात नाही, असा समज काही तरुण वैद्यमित्रांकडून ऐकू येतो. तो बरोबर नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात अकराव्या, म्हणजे फलमात्रासिद्धि या अध्यायात 'सदातुर' म्हणजे नित्य आजारी असणाऱ्यांचा प्रश्न आला आहे. तेथे चार वर्ग सांगितले आहेत : वेदाध्ययन करणारे श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी म्हणजे व्यापारी. श्रोत्रिय अध्ययन, व्रत व नित्यकर्मे यांत गुंतल्यामुळे देहाच्या हिताकडे पाहत नाही. राजसेवकाला राजाचे मन सांभाळावे लागते, दुसऱ्याच्या इच्छेने चालावे लागते आणि चिंता व भय त्याच्या मागे सतत असतात. वेश्येला परचित्तानुवर्तन व प्रसाधन यांत दिवस घालवावा लागतो. व्यापारी नित्य बसून असतो आणि क्रयविक्रयाचा लोभ त्याला उठू देत नाही. हे सर्वजण आलेले वेग रोखतात, वेळेवर जेवत नाहीत, आणि त्यांचे मलविसर्जन व विहार अकाली होतात. इतकेच नव्हे, तर जे कोणी अन्य लोक असे वागतील तेही सदातुर होत, असे आचार्यांनी पुढे स्पष्ट केले आहे.

आजचा कंपनी-नोकरदार या शेवटच्या वाक्यात बसतो. किंबहुना त्याच्यात दोन वर्ग एकत्र आले आहेत. वरिष्ठांचे मन सांभाळण्याचे काम राजसेवकाचे आणि दिवसभराचे आसन व्यापाऱ्याचे. येथे आचार्यांनी व्यवसायाला दोष दिलेला नाही, हे महत्त्वाचे आहे. दोष दिला आहे तो वेगधारण, अकालभोजन आणि पराधीन दिनचर्या यांना. म्हणून 'नोकरी सोडा' हा सल्ला शास्त्रातूनही निघत नाही आणि व्यवहारातही टिकत नाही.

गुणपक्ष

चिकित्सक बहुधा केवळ दोष पाहतो, कारण निरोगी माणूस त्याच्याकडे येत नाही. म्हणून कंपनीच्या नोकरीचे हितकर अंग प्रथम नोंदवणे न्यायाचे होईल.

१) निश्चित उत्पन्न. ठरलेल्या तारखेला होणारा पगार हे अनेक कुटुंबांत पहिले रसायन ठरले आहे. मुलांचे दूध, घरातील फळे, गर्भिणीची वेळेवर तपासणी या गोष्टी त्यातून येतात. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीतील चिंता ज्याने पाहिली आहे, त्याला या स्थैर्याचे मोल सांगावे लागत नाही.

२) नियत काल. दिवसपाळीच्या, म्हणजे जनरल शिफ्टच्या नोकरदाराचे उठणे, जेवणे व झोपणे ठरलेल्या वेळी होऊ शकते. कॅन्टीनमध्ये दुपारी गरम जेवण मिळते. स्वतंत्र व्यावसायिकाला, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी अनेक वैद्यांनाही, ही नियमितता लाभत नाही.

३) वैद्यकीय संरक्षण. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याहून अधिक वेतन असलेल्यांना मोठ्या कंपन्या बहुधा सामूहिक आरोग्य विमा देतात. २०१७ च्या दुरुस्तीनुसार प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली, ती पहिल्या दोन अपत्यांसाठी. सूतिका परिचर्येच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे.

४) वार्षिक तपासणी. अनेक कंपन्यांत वर्षातून एकदा रक्त, लघवी, दृष्टी, श्रवण, हृदयालेख यांची तपासणी होते. आपल्या रुग्णाच्या शरीराची ही एक प्रकारची वार्षिक रोजनिशीच असते. तिचा उपयोग आपण किती करतो, हा प्रश्न निराळा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दोषपक्ष

१) वेगधारण. जोडणी विभागात बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. कार्यालयात बैठक चालू असताना उठणे अशिष्ट मानले जाते. पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ते चाकण दरम्यान बस अडकली की तास-दीड तास सहज जातो. अनेक स्त्रिया या प्रवासाच्या धास्तीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे मूत्रवेगाबरोबर तृष्णेचा वेगही रोखतात. मूत्रवेगधारणाने बस्ती व मेहन यांत शूल, मूत्रकृच्छ्र व शिरोरुजा उत्पन्न होतात, हे आपण पाठ केलेले आहे. परंतु डोकेदुखी घेऊन आलेल्या स्त्रीला 'दिवसात लघवीला किती वेळा जाता?' असे आपण किती वेळा विचारतो?

२) अकालभोजन. पाळी आठवड्याला बदलते, तशी जेवणाची वेळही बदलते. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे चहा-बिस्किटावर निघतो, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीनंतर घरी येऊन पूर्ण ताट जेवतो व लगेच झोपतो. सुटीच्या दिवशी विरुद्धाशन व अध्यशन होते. परिणामी प्रथम विषमाग्नी, नंतर अम्लपित्त, आणि काही वर्षांनी मेदोवृद्धी असा क्रम दिसतो.

३) रात्रिजागरण. रात्री जागणे रूक्ष व दिवसा झोपणे स्निग्ध, म्हणजे एकाने वात वाढतो व दुसऱ्याने कफ. रात्रपाळीच्या कामगारात दोन्ही एकाच वेळी घडतात. आधुनिक संशोधनही याच दिशेने गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रात्रपाळीच्या कामाचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' या गटात २००७ मध्ये केला आणि २०१९ मध्ये तो कायम ठेवला.

४) आस्यासुख. प्रमेहाच्या हेतूंत आस्यासुख, म्हणजे बसून राहण्याचे सुख, अग्रभागी सांगितले आहे. संगणकासमोर आठ-नऊ तास बसणाऱ्याला ते सुख वाटत नाही, कारण त्याची मान व कंबर दुखत असते; परंतु शरीर त्याचा हिशोब आस्यासुखातच करते. वातानुकूलित दालनातील शीत-रूक्ष वायू, नेत्रांचा पडद्याशी अतियोग आणि दर तासाचा चहा यांची त्यात भर पडते.

५) भय व चिंता. ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराला पुढच्या करारनाम्याची शाश्वती नसते. कायम नोकरदाराला वार्षिक मूल्यांकनाची धास्ती असते. मोठ्या नावाचा कारखानाही कायमचा असतो असे नाही. तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, त्या काळात मावळातील किती घरांत झोप उडाली असेल याची कल्पना करता येते. शिवाय कामाचे तास वाढतात तो भाग वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृद्रोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

एक अनुभव

येथे स्वतःची एक चूक नोंदवणे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ पाददाहाची तक्रार घेऊन आले. एका मोठ्या कारखान्यात फिरत्या पाळीत नोकरी, पायांत दिवसभर सुरक्षा-बूट, उभ्याने काम. पित्तप्रधान प्रकृती, रात्रिजागरण, तिखट खाणे, हे सर्व जुळत गेले आणि मी रक्तगत पित्त समजून गुडूची, सारिवा, पादाभ्यंग अशी योजना केली. तीन महिन्यांत उपशय अल्प. एका गुरुवारी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या आणि प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, हे कागद तुमच्या उपयोगाचे आहेत का बघा. हे म्हणतात, शुगर निघाली असं कळलं की लाइनवरून काढतात, म्हणून उघडलेच नाहीत."

पिशवीत कंपनीच्या वार्षिक तपासणीचे तीन वर्षांचे अहवाल होते. पहिल्याच वर्षी उपाशीपोटी रक्तशर्करा १६८ होती, तिसऱ्या वर्षी २३१. हात-पायांचा दाह हे प्रमेहाचे पूर्वरूप, हे मला पाठ होते. पण बूट, पाळी आणि पित्त यांनी माझे समाधान झाले होते. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले तेव्हा दृष्टिपटलावर बदल सुरू झालेले होते. वेळेवर उपचार झाल्याने दृष्टी वाचली, आणि पुढे त्यांना दिवसपाळीही मिळाली. परंतु ते तीन महिने मी घालवले होते. त्यांनी अहवाल भीतीपोटी उघडले नाहीत आणि मी ते मागितले नाहीत. त्यांच्या अंगी नोकरीचे भय होते. मला तर तसले काही कारणही नव्हते.

त्या दिवसापासून नोकरदार रुग्णाच्या पहिल्या भेटीत मी पाच प्रश्न ठरवून विचारतो :

१) पाळी कोणती, आणि ती किती दिवसांनी बदलते?
२) घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंत एकूण किती तास जातात?
३) कामाच्या जागी लघवी-शौचाला केव्हा जाता येते?
४) मागील वार्षिक तपासणीचा अहवाल कोठे आहे?
५) नोकरी कायम की ठेक्यावर?

या पाच प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. शेवटचा प्रश्न काहींना वैद्यकाबाहेरचा वाटेल. परंतु निद्रानाशाच्या रुग्णात त्याच्याच उत्तरात हेतू सापडतो, असा अनुभव आहे.

चिकित्साविचार

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे सूत्र खरे. पण ज्याचे घर त्या निदानावर चालते त्याला सर्वस्वी परिवर्जन शक्य नसते. अशा वेळी निदानाचे बळ कमी करणे हाच मार्ग उरतो.

अ) रात्रपाळीसाठी. जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी न जेवता झोपावे, असा वाग्भटाचार्यांचा सल्ला आहे. आठ तासांच्या पाळीनंतर घरी येऊन भरपेट न्याहारी न करता चार तास अंधाऱ्या खोलीत झोप घ्यावी, उठून स्नान व जेवण करावे, आणि उरलेली झोप कामावर जाण्यापूर्वी पूर्ण करावी. मुख्य भोजन पाळीवर जाण्यापूर्वी, मध्यरात्री केवळ लघु आहार. मात्र मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असलेल्या रुग्णाला उपाशी झोपण्यास सांगू नये. बसल्या जागी घेतलेली डुलकी रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही, हे चरकमत कार्यालयातील मेदस्वी रुग्णाला विशेष उपयोगी आहे. त्याने आडवे होण्यापेक्षा खुर्चीत दहा मिनिटे डोळे मिटावेत.

आ) चहा, तंबाखू, अवेळी खाणे. या गोष्टी एकदम बंद करण्यास सांगितल्यास रुग्ण पुन्हा येत नाही. चरकोक्त पादांशिक क्रमाने, म्हणजे एक-एक चतुर्थांश कमी करीत, सोडवावे. आठ कप चहा पिणाऱ्याला प्रथम सहावर आणावे.

इ) बस्ती. सदातुरांच्या चिकित्सेत वेगधारणाने उन्मार्गी झालेल्या वायूसाठी आचार्यांनी प्रथम फलवर्ती व नंतर बस्ती सांगितली आहे. कर्म, भार, अध्व व यान यांनी कृश झालेल्यांसाठी मात्राबस्ती सदैव प्रशस्त मानली असून तीत आहार-विहाराचे बंधन नाही. दररोज चाकणला जाऊन येणाऱ्या रुग्णाचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. पाळी संपल्यावर अल्प भोजनोत्तर ३० ते ६० मि.ली. स्नेहाची मात्राबस्ती कटिशूल व मलावष्टंभ यांत उत्तम उपशय देते. प्रमेही, स्थूल व मंदाग्नी रुग्णांत मात्र योग्यायोग्य पाहिल्याशिवाय स्नेहबस्ती देऊ नये.

ई) शोधन. वमन-विरेचनाची योजना रुग्णाच्या रजेशी जुळवावी. स्नेहपान चालू असताना यंत्रावर उभे राहणे धोक्याचे आहे. औद्योगिक वसाहतींत गुरुवार हा साप्ताहिक सुटीचा वार म्हणून रूढ आहे; परंतु एका गुरुवारात शोधन व संसर्जन बसत नाही. कारखान्याच्या वार्षिक देखभालीची सुटी किंवा दिवाळीची रजा आधी विचारून घ्यावी. घाईचे विरेचन करण्यापेक्षा ते न केलेले बरे.

उ) विमा. १ एप्रिल २०२४ पासून आरोग्य विम्यात आयुष उपचारांना अन्य वैद्यकपद्धतींप्रमाणेच स्थान द्यावे, असे विमा नियामकांनी कंपन्यांना सांगितले आहे. बाह्यरुग्ण उपचार सामान्यतः त्यात येत नाहीत आणि रुग्णालय निकषांत बसणारे असावे लागते. रुग्णाला पॉलिसीची प्रत आणण्यास सांगावे. आपण तोंडी आश्वासन देऊ नये. तसेच, कितीही आर्जव झाले तरी मागील तारखेचे वैद्यकीय प्रमाणपत्र देऊ नये. त्यात रुग्णाची नोकरी व आपली नोंदणी दोन्ही धोक्यात येतात.

औषध दुकानदारांसाठी

पाळी सुटल्यावर नोकरदार वैद्याकडे जाण्याआधी औषध दुकानाच्या काउंटरवर येतो. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष असावे.

१) आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. अनेक कारखान्यांच्या प्रवेशद्वारावर व बसचालकांसाठी श्वासतपासणी होते. चालक, क्रेनचालक व यंत्रावरील कामगार यांना कामावर जाण्यापूर्वी अरिष्ट घेऊ नये असे सांगावे. शक्य असल्यास वैद्याला विचारून वटी अथवा चूर्ण द्यावे. एका चमचाभर औषधापायी कोणाची नोकरी जाऊ नये.

२) सोनामुखीयुक्त सारक चूर्ण महिनोन्महिने नेणारा ग्राहक हा वेगधारणाचा रुग्ण समजावा व वैद्याकडे पाठवावा.

३) 'झोप येऊ नये' किंवा 'लगेच झोप लागावी' असे काही मागणाऱ्यास चिठ्ठीशिवाय काहीही देऊ नये. निद्राजनक द्रव्याची ग्लानी यंत्रावर घातक ठरते.

४) छातीतील जळजळीसाठी वारंवार अम्लपित्ताचे औषध नेणाऱ्यास दम लागतो का, घाम येतो का, डावा हात किंवा जबडा दुखतो का, एवढे विचारावे. होकार आल्यास पुडी न देता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

५) काढा करण्यास गॅस व भांडे लागते. चाकणच्या भाड्याच्या खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या तरुणाला भरड देणे म्हणजे औषध न देण्यासारखेच आहे. वैद्याच्या चिठ्ठीवर काढा असल्यास दुकानदाराने तसे कळवावे. वैद्याने राग मानू नये.

उपसंहार

कंपनीतील नोकरीने या परिसरातील सहस्रावधी घरांना अन्न, शिक्षण व छप्पर दिले आहे. त्याच नोकरीने वेगधारण, अकालभोजन, जागरण, आस्यासुख व भय हे पाच हेतूही घरात आणले आहेत. रुग्ण पगारासाठी हे हेतू सहन करतो; त्यात प्रज्ञापराध कमी आणि नाइलाज अधिक असतो. तेव्हा त्याला दोष देण्यापेक्षा त्याची पाळी विचारावी, त्याचा अहवाल उघडून पाहावा आणि त्याच्या चोवीस तासांत बसेल असेच पथ्य सांगावे.

वैद्यबंधूंनी येत्या तिमाहीत आपल्या रुग्णपत्रिकेतील 'व्यवसाय' या रकान्याखाली 'पाळी', 'प्रवास' आणि 'वार्षिक तपासणी' हे तीन रकाने वाढवून पाहावेत, अशी विनंती आहे. तीन रेघा ओढण्याचे काम आहे. त्यांपैकी तिसरी माझ्या पत्रिकेत वेळेवर असती, तर त्या गृहस्थांचे निदान पहिल्याच भेटीत झाले असते.